पथविक्रेत्याने आपली जागा कायद्याच्या आधाराने कशी टिकवावी

पदपथावर पथारी मांडणाऱ्या, हातगाडी लावणाऱ्या किंवा टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरणाऱ्या माणसाला महापालिका बहुधा एकाच रूपात दिसते, ते म्हणजे अतिक्रमण विभागाच्या गाडीच्या. प्रत्यक्षात याच महापालिकेवर त्याची नोंद करण्याची, त्याला विक्री प्रमाणपत्र देण्याची, बसायला जागा आखून देण्याची आणि कर्ज व विम्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी १ मे २०१४ पासून कायद्याने टाकलेली आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४ असे त्या केंद्रीय कायद्याचे नाव असून त्याखाली महाराष्ट्राने २०१६ मध्ये नियम आणि २०१७ मध्ये योजना तयार केली. या कायद्याचा उपयोग स्वतः विक्रेत्याने, त्याच्या शिकलेल्या मुलामुलींनी किंवा त्याला मदत करणाऱ्या कार्यकर्त्याने कसा करावा, हे येथे सांगायचे आहे.

सर्वप्रथम आपण या कायद्यात बसतो का, हे पाहावे. व्याख्या बरीच रुंद आहे. रस्ता, गल्ली, पदपथ, सार्वजनिक उद्यान अशा ठिकाणी तात्पुरत्या मांडणीतून किंवा फिरून वस्तू विकणारा माणूस त्यात येतो, आणि सेवा देणाराही येतो. त्यामुळे चपला शिवणारा, किल्ल्या करून देणारा, छत्र्या दुरुस्त करणारा हे सगळे भाजीवाल्याइतकेच पथविक्रेते आहेत. पण आपण काही विकत नाही म्हणून आपला यात संबंध नाही, अशा समजुतीने हीच माणसे नोंदणीच्या वेळी मागे राहतात. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत आणि कटक मंडळ (लष्करी छावणीच्या भागाचा कारभार पाहणारी संस्था) या सर्वांना कायदा लागू आहे. रेल्वेच्या मालकीच्या जमिनीला, आवाराला आणि गाड्यांना मात्र तो लागू नाही. स्थानकाबाहेर दोन पावलांच्या अंतरावर जागेची मालकी बदलू शकते, म्हणून तेथे धंदा करणाऱ्याने आपली जागा महापालिकेची की रेल्वेची, हे आधी नक्की करून घ्यावे. रेल्वेच्या हद्दीत पुढील एकही तरतूद उपयोगी पडणार नाही.

कायद्याचा क्रम समजून घ्यावा

या कायद्यातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यात घालून दिलेला क्रम. आधी सर्वेक्षण, त्यानंतर सर्वेक्षणात आढळलेल्या प्रत्येकाला प्रमाणपत्र, मग पाच वर्षांतून एकदा करायचा पथविक्री आराखडा आणि त्या आराखड्यातून ठरणारी विक्री क्षेत्रे, मर्यादित विक्री क्षेत्रे व ना-विक्री क्षेत्रे. सर्वेक्षणही दर पाच वर्षांनी किमान एकदा झालेच पाहिजे. त्यात सापडलेल्या सर्व विक्रेत्यांना प्रभागाच्या, विभागाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत सामावून घ्यायचे आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणत्याही पथविक्रेत्याला हटवता किंवा हलवता येणार नाही, असे कलम ३ मधील तिसरे पोटकलम स्पष्ट शब्दांत सांगते. सर्वेक्षण आणि आराखडा झालेला नसताना एखादा भाग ना-विक्री क्षेत्र म्हणून जाहीर करता येत नाही, ही गोष्ट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

अनेक शहरांत हा क्रम उलटा चालतो, म्हणजे आधी फलक लागतो, मग गाडी येते आणि सर्वेक्षणाचे नाव सर्वांत शेवटी निघते. म्हणून कारवाईची चाहूल लागताच विक्रेत्यांनी भांडणाच्या आधी तीन प्रश्न लेखी विचारावेत. आमच्या भागाचे सर्वेक्षण कोणत्या तारखेला पूर्ण झाले? प्रमाणपत्रे किती जणांना दिली? हे क्षेत्र ना-विक्री क्षेत्र ठरवण्याचा ठराव नगर पथविक्रेता समितीच्या (पथविक्रीचे निर्णय घेणाऱ्या, विक्रेत्यांचे प्रतिनिधी असलेल्या समितीच्या) कोणत्या बैठकीत झाला? उत्तर मिळाले नाही, तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात दहा रुपये शुल्क भरून विचारावेत. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क लागत नाही आणि उत्तर ३० दिवसांत देणे माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. या तीन उत्तरांवर पुढची तक्रार किंवा याचिका उभी राहते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ज्याची कोठेच नोंद नाही, ज्याने सर्वेक्षणात अर्ज केलेला नाही आणि ज्याच्याकडे कोणताही जुना कागद नाही, त्याच्या बाबतीत हे संरक्षण फार अशक्त होते, कारण सर्वेक्षण झालेल्या ठिकाणी प्रमाणपत्राशिवाय बसणाऱ्याला हटवण्याचा अधिकार हाच कायदा महापालिकेला देतो. नुसते बरीच वर्षे बसतो आहोत म्हणून जागा आपली झाली, असेही होत नाही. रस्त्यावरील जागेवर कायमचा हक्क निर्माण होत नाही, असे कलम २९ मध्ये नमूद आहे.

कागद आजपासून जमवावेत

मुंबईत २०१४ च्या सर्वेक्षणात ९९,४३५ अर्ज आले आणि २०२४ मध्ये पथविक्रेता समितीच्या निवडणुकीसाठी तयार झालेल्या मतदार यादीत ३२,४१५ जण होते. अर्ज करणाऱ्या तिघांपैकी जवळजवळ दोघे या यादीत नव्हते. कागदांची कमतरता आणि अधिवासाची अट ही या गळतीमागची मोठी कारणे होती. म्हणून सर्वेक्षणाची घोषणा होण्याची वाट न पाहता पुरावे जमवायला लागावे.

सर्वांत वजनदार पुरावा महापालिकेचाच असतो. जुना परवाना असेल तर तो अर्थातच जपावा, कारण कायदा येण्यापूर्वी दिलेला परवाना त्याच्या मुदतीपर्यंत ग्राह्य धरला जातो. परवाना नसेल तर महापालिकेने कधीकाळी घेतलेल्या स्वच्छता शुल्काच्या किंवा भुईभाड्याच्या पावत्या शोधाव्यात. माल उचलल्यानंतर भरलेल्या दंडाची पावती लोक रागाने फाडून टाकतात. ती कधीच फाडू नये. त्या तारखेला आपण त्या ठिकाणी धंदा करत होतो, हे महापालिकेने स्वतःच्या सहीने मान्य केल्याचा तो कागद आहे. नेमक्या याच कारणासाठी दंड पावतीशिवाय भरू नये. पावती न देता हातोहात दिलेले पैसे त्या दिवसापुरती सुटका करतात, पण पुढे काहीच सिद्ध करत नाहीत.

त्याखेरीज बाजार समितीतील अडत्याची बिले, घाऊक व्यापाऱ्याच्या पावत्या, क्यूआर कोडवर आलेल्या पैशांचे बँकेतील विवरण, संघटनेचे ओळखपत्र आणि मागचे दुकान, झाड, बसथांबा अशी ओळखण्याजोगी खूण दिसेल असे पथारीचे छायाचित्र, हे सर्व एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेनुसार लावावे. मूळ कागद घरी ठेवावेत व धंद्याच्या जागी फक्त झेरॉक्स प्रती बाळगाव्यात, कारण गडबडीत मालाबरोबर फाइलही गाडीत गेली तर ती परत मिळवणे मालापेक्षा कठीण जाते.

महाराष्ट्राच्या योजनेत अधिवास प्रमाणपत्राची अट आहे आणि ते राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याच्या पुराव्यावर तहसील कार्यालयाकडून मिळते. भाड्याच्या खोल्या बदलत राहिलेल्या कुटुंबाला सलग १५ वर्षांचा पुरावा गोळा करणे अवघड जाते. मुलांच्या शाळेचे दाखले, जुने रेशनकार्ड, मतदार यादीतील नाव आणि रुग्णालयातील जन्मनोंदी यांतून वर्षांची साखळी जोडावी लागते. हे काम ऐनवेळी होत नाही.

सर्वेक्षण आणि प्रमाणपत्र

सर्वेक्षणाच्या वेळी विक्रेता जागेवर हजर असणे आवश्यक असते, कारण ठिकाणाची नोंद आणि छायाचित्र तेथेच घेतले जाते. आजारपण, बाळंतपण किंवा गावी जाणे यामुळे कोणी गैरहजर राहणार असेल तर तसे प्रभाग कार्यालयाला लेखी कळवून अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. नंतर नाव यादीत नसल्याचे आढळले, तर हा शिक्का हाच आधार असतो. नाव, वस्तूचा प्रकार, जागा आणि एका जागी बसणारा की फिरता, हा तपशील बारकाईने तपासावा. फिरता म्हणून नोंदला गेलेला विक्रेता पुढे एकाच चौकात बसलेला आढळला, तर त्याच्या प्रमाणपत्राचा त्याला उपयोग होत नाही.

प्रमाणपत्र घेताना हमीपत्र द्यावे लागते. धंदा स्वतः किंवा कुटुंबातील व्यक्तीमार्फत करीन, उपजीविकेचे दुसरे साधन नाही आणि प्रमाणपत्र किंवा जागा कोणाला भाड्याने किंवा अन्य मार्गाने हस्तांतरित करणार नाही, असे त्यात लिहून द्यायचे असते. जागा भाड्याने देऊन घरी बसणाऱ्यांमुळे खऱ्या विक्रेत्यांची बाजू न्यायालयात आणि नागरिकांसमोर सतत कमजोर होते, म्हणून संघटनांनीच ही गोष्ट आपल्या सभासदांना ठामपणे सांगायला हवी. अर्ज नाकारला, किंवा दिलेले प्रमाणपत्र रद्द वा निलंबित केले, तर स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे महापालिका किंवा नगरपरिषदेकडे, अपील करता येते, आणि रद्द करण्यापूर्वी विक्रेत्याचे म्हणणे ऐकून घेणे अनिवार्य आहे. तोंडी नकार मिळाल्यास लेखी आदेश मागावा. आदेशाशिवाय अपील उभे राहत नाही.

समितीत आपला माणूस असावा

विक्रीची क्षेत्रे, सर्वेक्षण आणि प्रमाणपत्रे यांचा निर्णय नगर पथविक्रेता समितीतून जातो. आयुक्त किंवा मुख्याधिकारी तिचा अध्यक्ष असतो. पथविक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले प्रतिनिधी समितीत किमान ४० टक्के असले पाहिजेत आणि त्यांपैकी एक-तृतीयांश महिला असल्या पाहिजेत. मुंबईत यासाठी सात परिमंडळीय समित्या आणि वर एक शिखर समिती अशी रचना केलेली आहे.

भाजी, फुले, मासळी विकणाऱ्या बायकांचे वेळेचे आणि जागेचे प्रश्न वेगळे असतात. शौचालय किती लांब आहे, अंधार पडल्यावर दिवा आहे का, हे त्यांच्याशिवाय कोणी बैठकीत विचारत नाही. त्यामुळे महिलांच्या जागांवर घरातील पुरुषाच्या सांगण्यावरून नाव देण्याऐवजी रोज पथारीवर बसणारी बाई निवडून द्यावी. समितीच्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त मागून घ्यावे आणि आपल्या भागाविषयीचा ठराव वाचून दाखवण्याचा आग्रह प्रतिनिधीकडे धरावा. पुण्यात बाबा आढाव यांनी उभी केलेली पथारी व्यावसायिक पंचायत किंवा इतर शहरांतील फेरीवाला संघटना यांचा सभासद होण्याचा खरा फायदा येथेच दिसतो, कारण एकट्या विक्रेत्याला हे कागद मिळवत बसायला धंद्यातून वेळ मिळत नाही.

माल उचलला तर

कारवाईच्या वेळी सर्वाधिक नुकसान होते ते घाईमुळे. टोपल्या उलटतात, भाजी पायदळी जाते, वजनकाटा हरवतो आणि नंतर नेमके काय गेले हे सांगता येत नाही. अशा वेळी माल ओढून धरू नये किंवा कर्मचाऱ्याच्या अंगावर धावून जाऊ नये. सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा लागला तर मूळ तक्रार बाजूला पडते. कोणी तरी एकाने चित्रीकरण सुरू करावे आणि विक्रेत्याने शांतपणे यादी मागावी.

ही यादी म्हणजे मेहरबानी नाही. कलम १९ प्रमाणे जप्त केलेल्या मालाची यादी करणे आणि जप्ती करणाऱ्या अधिकृत व्यक्तीच्या सहीची प्रत विक्रेत्याला देणे आवश्यक आहे. यादीत वस्तूचे नाव, वजन किंवा नग आणि गाडी, काटा, ताडपत्री, स्टोव्ह असे साहित्यही यावे. यादी दिली नाही, तर गाडीचा क्रमांक, वेळ आणि उपस्थित कर्मचाऱ्याचे पद लिहून त्याच दिवशी प्रभाग कार्यालयात तक्रार द्यावी व पोच घ्यावी.

त्यानंतर माल परत मिळण्यासाठी लेखी मागणी करावी. नाशवंत माल मागणीच्या दिवशीच आणि बाकीचा माल मागणीनंतर दोन कामकाजाच्या दिवसांत, ठरलेले शुल्क घेऊन परत केला पाहिजे, अशी कायद्याची मुदत आहे. ही मुदत मागणी केल्यापासून मोजली जाते, जप्तीपासून नव्हे. त्यामुळे उद्या पाहू म्हणून थांबलेल्या टोमॅटोवाल्याचा हक्क आणि माल दोन्ही एका रात्रीत नासतात. मागणीच्या अर्जावर तारखेबरोबर वेळही लिहावी.

प्रमाणपत्रात नमूद केलेल्या जागेवरून हटवायचे किंवा दुसरीकडे हलवायचे असेल, तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नोटिशीनंतरही जागा सोडली नाही तर रोज २५० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पण तो जप्त मालाच्या किमतीपेक्षा जास्त असू शकत नाही. प्रमाणपत्रातील अटींचा भंग केल्यास दंडाची कमाल मर्यादा २,००० रुपये आहे. प्रमाणपत्रानुसार धंदा करणाऱ्याला पोलिसांनी किंवा अन्य कोणत्याही प्राधिकरणाने दुसऱ्या कायद्याचा आधार घेऊन अडवू नये, असे कलम २७ सांगते. या कलमाची मराठी प्रत फाइलच्या पहिल्या पानावर ठेवावी.

तक्रार ऐकण्यासाठी कायद्यात स्वतंत्र समितीची तरतूद असून तिचा अध्यक्ष दिवाणी न्यायाधीश किंवा न्यायदंडाधिकारी म्हणून काम केलेली व्यक्ती असते, आणि तिच्यात सरकारचा वा महापालिकेचा कर्मचारी असू शकत नाही. न्यायालयात जाण्याची वेळ आली तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो, त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे.

जागा बदलण्याचा प्रस्ताव आल्यास

मुंबई उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ रोजी दिलेल्या निकालानुसार प्रार्थनास्थळे, शैक्षणिक संस्था आणि रुग्णालये यांच्यापासून १०० मीटर आणि रेल्वे स्थानके व मंडया यांच्यापासून १५० मीटर अंतरात फेरीचा धंदा करता येत नाही. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीनंतर अवघ्या महिन्याभरात आलेला हा निकाल आहे. या पट्ट्यात बसणाऱ्याने तेथेच टिकून राहण्यासाठी सगळी शक्ती खर्च करण्यापेक्षा पर्यायी जागेच्या वाटाघाटीत आधीपासून उतरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

इतर ठिकाणी मात्र गर्दी किंवा अस्वच्छता हे शब्द उच्चारले की जागा गेली, असे मानू नये. अस्वच्छतेला फक्त विक्रेतेच कारणीभूत असतील आणि नागरी उपायांनी ती दूर होण्यासारखी नसेल, तेव्हाच तिच्या आधारे ना-विक्री क्षेत्र ठरवता येते. स्थलांतर शक्यतो टाळावे, अपरिहार्य असल्यास विक्रेत्यांना नियोजनात सहभागी करून घ्यावे आणि नव्या जागी त्यांची उपजीविका पूर्वीइतकी तरी राहावी, असे दुसऱ्या अनुसूचीत आहे. ज्या नैसर्गिक बाजारात, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक परंपरेने जेथे जमतात अशा ठिकाणी, ५० वर्षांहून अधिक काळ पथविक्री चालत आली आहे, त्याला वारसा बाजार म्हणून मान्यता देऊन तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही तेथे म्हटले आहे. जुन्या पेठांतील विक्रेत्यांनी जुनी छायाचित्रे, पालिकेचे ठराव आणि वर्तमानपत्रांतील कात्रणे जमवून ही मागणी समितीपुढे अवश्य ठेवावी. नवी जागा पाहायला जाताना मात्र दुपारी जाऊ नये. आपल्या गिऱ्हाइकाची जी वेळ, त्याच वेळी तेथे तासभर उभे राहून माणसे मोजावीत. ओटे आणि छप्पर असूनही गिऱ्हाईक नसेल, तर ती जागा उपजीविका टिकवत नाही, हे आकड्यांसह लिहून देता आले पाहिजे.

कर्ज आणि विमा

१ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी या पथविक्रेत्यांसाठीच्या केंद्रीय कर्ज योजनेची कर्ज देण्याची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवलेली आहे. ऑगस्ट २०२५ मधील निर्णयानुसार पहिले कर्ज १५,००० रुपयांपर्यंत, दुसरे २५,००० रुपयांपर्यंत आणि तिसरे ५०,००० रुपयांपर्यंत मिळते. तारण लागत नाही, वेळेवर हप्ते भरल्यास ७ टक्के व्याज अनुदान बँक खात्यात जमा होते आणि डिजिटल व्यवहारांवर १,६०० रुपयांपर्यंत परतावा मिळतो. प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र नसलेल्याने नागरी स्थानिक संस्थेकडून शिफारसपत्र घ्यावे. अर्जापूर्वी आधारशी मोबाइल क्रमांक जोडलेला आहे का, हे पाहावे. शिफारसपत्राला दुहेरी उपयोग आहे, कारण त्यामुळे महापालिकेच्या दप्तरी विक्रेता म्हणून नाव लागते. मात्र ते विक्री प्रमाणपत्र नव्हे. जे सावकाराकडून सकाळी पैसे उचलून रात्री जादा देऊन फेडतात, त्यांनी ही रक्कम फक्त माल भरण्यासाठी वापरावी. लग्नकार्यात गेलेले पहिले कर्ज थकले की दुसऱ्या कर्जाची वाट बंद होते.

बँकेत गेल्यावर त्याच खेपेत वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा यांचे अर्ज भरावेत, दोन्हींत दोन लाखांचे संरक्षण असते.

प्रमाणपत्रधारकाचा मृत्यू झाला किंवा तो कायमचा अपंग अथवा आजारी झाला, तर त्याच्या जोडीदाराला किंवा अवलंबून असलेल्या अपत्याला प्रमाणपत्राच्या उरलेल्या मुदतीपर्यंत त्या जागी धंदा करता येतो. अशा प्रसंगी नाते सिद्ध करण्यात आठवडे जातात आणि तोपर्यंत रिकाम्या जागेवर दुसरे कोणी बसते. म्हणून विवाहाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले आणि रेशनकार्डाची प्रत याच फाइलमध्ये आधीपासून ठेवावी, आणि प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाची तारीख घरातील दोघांना तरी माहीत असावी.